मुकादमाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

माझी भाची मुंबईला नोकरी करते आणि रविवारी सकाळी हौसेने स्पॅनिश शिकायला जाते. मागच्या पावसाळ्यात तिच्या शिक्षिकेने वर्गाला अभ्यास दिला : आपल्या गावाबद्दल एक पान लिहा, घरात आणि गावात कोण काय काम करतं ते सांगा. आता हिचं गाव म्हणजे तिच्या आईचं गाव, आमचं पोशीर. नेरळ-कळंब रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं. गावाशेजारून त्याच नावाची नदी वाहते आणि पुढे उल्हासला मिळते. एवढं तिने झटक्यात लिहिलं आणि मग अडली. रात्री दहाला फोन आला, "मामू, नाना मुकादम होते ना? मग मुकादमाला स्पॅनिशमध्ये काय लिहू?"

मी म्हटलं, "बेटा, मला स्पॅनिश कुठे येतं? मी आपला मराठीत कविता करणारा माणूस."

"स्पॅनिश माझ्याकडे आहे," ती म्हणाली, "तुम्ही मुकादम म्हणजे काय ते नीट सांगा."

तिथून जे सुरू झालं ते चार महिने चाललं. रोज एखादा शब्द. ती तिकडून स्पॅनिश कोशातलं वाचून दाखवायची, मी इकडून फारसी-मराठी कोश काढून बसायचो. आजचं हे बोलणं म्हणजे त्या फोनांचाच गोषवारा आहे.

पहिल्याच दिवशी एक फजिती झाली. तिने सरळ इंग्रजीचा रस्ता धरला होता. अधिकारी म्हणजे ऑफिसर किंवा ऑफिशियल, आणि स्पॅनिशमध्ये 'ओफिसिआल' असा शब्द आहेच, तेव्हा तो ठेवून दिला. शिक्षिकेने लाल शाईने खोडला. कारण स्पॅनिश 'ओफिसिआल' हा सैन्यात अधिकारी असतो खरा, पण गवंड्यासुताराच्या कामात तो शिकाऊ पोऱ्याच्या वरचा आणि उस्तादाच्या खालचा कारागीर असतो. म्हणजे पोरीने आमच्या तहसीलदारसाहेबांच्या हातात करणी आणि ओळंबा दिला होता! सरकारी नोकराला तिकडे 'फुन्सिओनारिओ' म्हणतात. उस्तादाला 'माएस्त्रो'. हा माएस्त्रो मात्र आपल्याला परका नाही. त्याचा पोर्तुगीज भाऊ 'मेस्त्रे' चौल-वसईच्या किनाऱ्यावर उतरला आणि आपला मेस्त्री, मिस्त्री झाला. कोकणात घर बांधलेल्या प्रत्येकाने त्याला चहा पाजलेला आहे.

मग मुकादम. माझे वडील रस्त्याच्या टोळीवर मुकादम होते. खडी, मुरूम, डांबर, पावसाळ्यात वाहून गेलेल्या मोऱ्या. हाताखाली दहा-बारा माणसं. सकाळी हजेरी घ्यायची, काम वाटून द्यायचं, स्वतःही फावडं धरायचं आणि वरचे साहेब आले की एक पाऊल पुढे होऊन बोलणी खायची. भाचीला एवढं सांगितल्यावर ती म्हणाली, मग 'कापातास'. हा शब्द लॅटिनमधल्या डोक्यावाचक शब्दापासून आला आहे. टोळीचं डोकं तो कापातास. मळ्यावर, गोदीत, रस्त्यावर मजुरांच्या पुढे असणाऱ्याला स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत असंच म्हणतात. चांगला शब्द आहे. दोन दिवस आम्ही दोघं त्यावर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. "मामू, स्पॅनिश कोशात मुकादमच आहे!"

आणि खरंच आहे. 'अल्मोकादेन' असा जुना स्पॅनिश शब्द आहे. पायदळाच्या तुकडीचा नायक. अरबीतल्या 'अल्-मुकद्दम'चा तो स्पॅनिश अवतार. आपला मुकादमही त्याच मुकद्दमपासून आलेला. एकच शब्द अरबांबरोबर पश्चिमेला स्पेनपर्यंत गेला आणि फारसीच्या पाठीवर बसून पूर्वेला दख्खनपर्यंत आला. तिकडे तो सैन्यात शिरला, इकडे गावात. निजामशाही-आदिलशाहीच्या कागदांत गावचा पाटील म्हणजे मोकदम. पुढे पाटील हा मराठी शब्दच कायम झाला आणि मुकादम उतरत उतरत मजुरांच्या टोळीवर येऊन थांबला. आज ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम असतो, मुंबईच्या सफाई कामगारांवर असतो, आमच्याकडे वीटभट्टीवर कातकऱ्यांना नेणारा मुकादमच असतो. या शेवटच्या मुकादमाबद्दल चांगलं बोलणारी कातकरी बाई मला अजून भेटायची आहे. पण तो वेगळा विषय.

स्पॅनिशची ही खाण एकदा उघडल्यावर मग थांबणं नव्हतं. इसवी सन ७११ पासून १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागावर मुसलमानांचं राज्य होतं. तेव्हा दफ्तराची भाषा अरबी. त्यामुळे अंमलदारांची नावं अरबी. ती नंतरच्या ख्रिस्ती राजांनी जशीच्या तशी उचलली. आपल्याकडचा काझी तिकडे 'अल्काल्दे' झाला. आधी गावचा न्याय करणारा, मग गावचा कारभारी. आज स्पेनमधल्या प्रत्येक शहराचा महापौर अल्काल्दे असतो, माद्रिदचासुद्धा. वझीर तिकडे 'अल्ग्वासिल' झाला, पण त्याचं नशीब फिरलं. बादशहाच्या उजव्या हाताचा हा माणूस स्पेनमध्ये घसरत घसरत कोर्टाचा बेलिफ झाला. बाजारातली वजनं-मापं तपासणारा मुहतसिब तिकडे 'अल्मोतासेन'. अमीराचा 'आल्मिरांते', म्हणजे आरमाराचा प्रमुख. कोलंबसाला १४९२ मध्ये राजाराणीने जो किताब कबूल केला तो हाच. युरोपभर पसरलेला अॅडमिरल हा त्याचाच गोतावळा. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग होता. तो किताबच इतका चिकटला की इतिहासात माणसाच्या नावाच्या जागी तोच येतो. भाचीला मी म्हटलं, दर्यासारंगाचं स्पॅनिश करायचं तर बेधडक आल्मिरांते लिही. सारंग हाही फारसीतला सरहंग, सेनानायक. कोकणात मात्र तो गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या झाला आणि कित्येक घरांचं आडनाव.

सगळ्यात मजा आली ती मुश्रीफ या शब्दाची. कोल्हापूर-कागल बाजूला हे आडनाव सर्वांच्या ओळखीचं. स्पॅनिशमध्ये तो 'अल्मोहारिफे', राजाच्या जकाती आणि वसुलीवर देखरेख करणारा. अरबीत मुश्रिफ म्हणजे उंचावरून पाहणारा. शरीफ ज्या धातूतून आला त्यातूनच हा. आता इंग्रजीतला सुपरवायझर घ्या. 'सुपर' म्हणजे वर, पुढचा भाग म्हणजे पाहणे. वरून पाहणारा. आपल्या सरकारी मराठीतला अधीक्षक घ्या, अधि म्हणजे वर, ईक्ष् म्हणजे पाहणे. वरून पाहणारा. तीन संस्कृतींनी देखरेख करणाऱ्या माणसाची कल्पना एकाच तऱ्हेने केली : आपण खाली वाकून काम करतोय आणि हा वर उभा राहून बघतोय. मजुराच्या डोळ्यातून बघितलं तर हे चित्र कुठल्याही देशात खरं आहे.

इथे मला आमच्या इतिहासातल्या त्या प्रसिद्ध भाषांतराकडे यायचं आहे. पदांची नावं बदलण्याचा एवढा मोठा, एवढा विचारपूर्वक प्रयत्न मराठी मुलखात त्याआधी झाला नव्हता.

१६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या सुमारास महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारात वापरल्या जाणाऱ्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द, असे सुमारे चौदाशे शब्द, दहा वर्गांत लावलेले. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग इथपासून दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि शेवटी बाजारातल्या जिनसांचा पण्यवर्ग. सगळं श्लोकांत, म्हणजे कारकुनाला पाठ करता यावं असं. अष्टप्रधानांची नावं त्यातूनच आपल्या शाळेच्या पुस्तकात आली. पेशव्यांचे मुख्यप्रधान झाले, मुजुमदारांचे अमात्य, सुरनिसांचे सचिव, वाकनिसांचे मंत्री, डबिरांचे सुमंत, सरनोबतांचे सेनापती. मोरोपंत पिंगळे, अण्णाजी दत्तो, हंबीरराव मोहिते ही माणसं तीच. कालची पेशवे, सुरनीस, सरनोबत होती, आज मुख्यप्रधान, सचिव, सेनापती झाली.

एक मुसलमान म्हणून मला लोक कधी कधी आडून विचारतात, हे तुम्हाला कसं वाटतं? कोशाच्या आरंभी यवनांच्या भाषेला बाजूला सारण्याची गोष्ट आहे, ती वाचून काय वाटतं? प्रश्न आडून विचारला तरी उत्तर मी सरळ देतो. राजाने स्वतःच्या प्रजेला कळेल, स्वतःच्या परंपरेत बसेल अशी नावं आपल्या अंमलदारांना द्यावीत, यात मला खटकण्यासारखं काही नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले होते. १६२८ च्या एका पत्रात शेकडा पंधरासुद्धा मराठी शब्द निघेनात, १६७७ च्या पत्रात ते साठाच्या वर गेले आणि १७२८ च्या पत्रात नव्वदीच्या वर. राज्याची भाषा लोकांच्या भाषेपासून एवढी लांब गेली असेल तर कुणीतरी ती वळवायला हवीच होती. आणि ज्या राज्यात हा कोश झाला त्याच राज्यात पायदळाचा सरनोबत नूरबेग होऊन गेला होता, काझी हैदर कारभारात होता, आरमारात दौलतखान होता. शब्दांची भांडणं माणसांपर्यंत न्यायची नसतात हे त्या काळच्या लोकांना आपल्यापेक्षा बरं कळत होतं.

मला त्या कोशात वेगळीच गोष्ट सापडली. तीही भाचीच्या एका भाबड्या प्रश्नामुळे. "पेशवा म्हणजे शब्दशः काय?" पेश म्हणजे पुढे. पेशवा म्हणजे पुढे असणारा. मुकद्दम म्हणजे? पुढे ठेवलेला, पुढे केलेला. कदम म्हणजे पाऊल, तोही त्याच धातूचा. आता संस्कृतात या : प्रधान. प्र म्हणजे पुढे, धा म्हणजे ठेवणे. पुढे ठेवलेला! पुरोहित शब्दाची फोडही तीच, पुरस् म्हणजे पुढे आणि हित म्हणजे ठेवलेला. आणि स्पॅनिशमध्ये 'प्रेबोस्ते' नावाचा एक जुना अंमलदार आहे, तो ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थही पुढे ठेवलेला. म्हणजे पंतांनी पेशव्याला प्रधान केलं तेव्हा नुसतं एक नाव काढून दुसरं चिकटवलं नव्हतं. शब्दाच्या आत जे चित्र होतं तेच चित्र त्यांनी दुसऱ्या भाषेत उभं केलं. रायगडावरचा मुख्यप्रधान, पूजा सांगणारा पुरोहित, स्पेनचा प्रेबोस्ते आणि नेरळ-कळंब रस्त्यावरचे माझे वडील, शब्दाच्या हिशेबाने एकाच पंगतीत बसले. वडिलांना हे सांगायला हवं होतं. हसले असते आणि म्हणाले असते, पगार मात्र वेगळा होता.

सगळीकडे असं जमलेलं नाही. अमात्य म्हणजे मुळात घरचा, जवळचा माणूस. मुजुमदार म्हणजे जमेचं दफ्तर सांभाळणारा. इथे अर्थ नाही, मान पाहिला आहे. डबीर हा फारसीत लिहिणारा. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं जुन्या इराणीतल्या 'दिपि'शी लावतात, आणि आपली लिपी हीसुद्धा त्याच दिपीची बहीण मानली जाते. म्हणजे परराष्ट्राचा कारभार बघणारे डबीर आणि तहसील कचेरीत दाखल्यावर शिक्का मारणारा आजचा लिपिक हे चुलतभाऊ ठरतात. पदं चढतात, उतरतात, शब्द तेवढेच राहतात.

आणि लोक? लोकांनी काय केलं? लोकांनी पेशवाच ठेवला. पेशव्यांच्या शिक्क्यात मुख्यप्रधान लिहिलेलं असायचं, पण १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पद मिळाल्यापासून १८१८ पर्यंत सगळा हिंदुस्थान त्यांना पेशवेच म्हणत आला. अमात्य, सचिव टिकले ते बावड्याच्या, भोरच्या घराण्यांत. उरलेली फारसी पदं आडनावं होऊन घरोघर बसली. चिटणीस, फडणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस, मुजुमदार, डबीर. यातला 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. आज ही आडनावं ऐकून कुणाला फारसी आठवत नाही, पुण्यातला वाडा आठवतो. आमच्याकडेही तसंच. कोकणी मुसलमानांत काझी, खतीब, मुकादम आहेत आणि त्यांच्याच शेजारी देशमुख, पाटील, चौगुले, सरखोतही आहेत. भाचीने विचारलं, आडनावाचं भाषांतर करायचं का? मी म्हटलं, मुळीच नाही. पद संपलं की भाषांतराचा हक्क संपला.

स्पेनमध्ये पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. १५६७ मध्ये तिथल्या राजाने, दुसऱ्या फिलिपने, ग्रानादाच्या मूळच्या मुसलमान प्रजेला अरबी बोलण्या-लिहिण्याची बंदी केली. तीन वर्षांत स्पॅनिश शिका असा हुकूम. त्यातून बंड झालं, ते मोडलं गेलं आणि शेवटी १६०९ पासून चार-पाच वर्षांत त्या लाखो माणसांना जहाजांत घालून देशाबाहेर काढलं. त्यांचे आजोबे-पणजोबे केव्हाच ख्रिस्ती करून टाकलेले होते, तरी काढलं. गंमत अशी, गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही, की अरबीवर बंदी घालणाऱ्या त्या राज्यात हुकूम बजावणारे अंमलदार होते अल्काल्दे आणि अल्ग्वासिल. काही शब्द पुढे त्यांनीही बदलले. गुरांच्या वैद्याचं अरबी नाव जाऊन लॅटिन आलं, शिंप्याचंही गेलं. अल्काल्दे मात्र राहिला. मी भाचीला म्हटलं, हा भाग तुझ्या निबंधात नको. ती म्हणाली, शिक्षिकेनेच सांगितलाय.

आता आपल्याकडच्या दुसऱ्या भाषांतराबद्दल, जे आपल्या हयातीत झालं. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये शासन शब्द कल्पतरु छापला होता. इंग्रजी कारभारी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडलेले. मला ही पद्धत फार आवडते. कुणाला हाकललं नाही, सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. त्याच सुमारास सावरकरांची भाषाशुद्धी चालू होती. महापौर हा शब्द त्यातलाच, आणि तो इतका सुरेख बसला की आज कुणाला तो घडवलेला वाटत नाही. माधव जूलियन हा माझा जिव्हाळ्याचा कवी. फारसीचा प्राध्यापक, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारा, मराठीत गझल रुजवणारा. तोही पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेला. ज्याने आयुष्य फारसीत घालवलं त्याला मराठीतून फारसी शब्द काढावेसे का वाटले, यावर मी बराच विचार केला आहे. पटलेलं नाही. पण माझ्या टेबलावर रोज उघडा असतो तो कोश त्याचाच.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं आणि १९६२ मध्ये पदनाम कोश आला. इंग्रजीतल्या सरकारी हुद्द्यांना मराठी नावं. तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. 'बदनाम कोश' ही कोटी आचार्य अत्र्यांच्या नावावर सांगतात. टिंगल सोपी असते. साठ वर्षांनंतर हिशेब मांडला तर जिल्हाधिकारी, आयुक्त, संचालक, सचिव, अभियंता, निरीक्षक हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. एका रजिस्ट्रारचे तीन झाले, सहकारी संस्थांचा निबंधक, विद्यापीठाचा कुलसचिव आणि न्यायालयाचा प्रबंधक. यात मला तरी काही वाईट दिसत नाही, तिघांची कामं खरोखरच वेगळी आहेत. उलट एका सेक्रेटरीला आपल्याकडे सचिव, चिटणीस, कार्यवाह असे तीन पोशाख आहेत. मंत्रालयात सचिव, पक्षात चिटणीस, साहित्य संस्थेत कार्यवाह. स्पॅनिशमध्ये तिन्ही ठिकाणी एकच 'सेक्रेतारिओ'. भाची म्हणाली, हे कसं दाखवू? मी म्हटलं, नाहीच दाखवता येणार.

पण गावापर्यंत सगळंच पोचलं नाही. पोशीरला आजही वनक्षेत्रपाल कुणी म्हणत नाही, रेंजर म्हणतात. गटविकास अधिकारी म्हणजे बीडीओ. शाळा तपासायला येणारे साहेब माझ्या लहानपणी दिपोटी होते. उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत. यात एक धोका आहे. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंना जमिनीच्या वाटणीची नोटीस आली होती, तिच्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांचं नाव. त्या प्रांताच्या कचेरीत जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "तिथं तर प्रांतच बसतो रे. ह्यो उपविभागीय कुठं बसतो?" तारीख गेली. मामलेदाराचं तर आणखी मजेशीर. मामलेदार जाऊन तहसीलदार आला, म्हणजे एक अरबी-फारसी शब्द जाऊन दुसरा अरबी-फारसी शब्द आला. पण शेताचा रस्ता कुणी अडवला तर आजही तहसीलदार दावा ऐकतात तो १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली. कायद्यात मामलेदार, खुर्चीत तहसीलदार, आणि ठाण्यात मामलेदार मिसळ.

वडिलांच्या बाबतीत हाच घोळ आमच्या घरावर आला. ते १९५६ च्या सुमारास कामाला लागले तेव्हा सेवापुस्तक इंग्रजीत होतं. त्यात हुद्दा 'मेट'. पुढे मराठी आलं तेव्हा कुणी मुकादम लिहिलं. मधल्या दोन पानांवर एका सुसंस्कृत कारकुनाने पर्यवेक्षक लिहून ठेवलं होतं. १९९२ मध्ये निवृत्त झाल्यावर खात्याने हरकत काढली की ही तीन वेगळी पदं आहेत, तेव्हा सलग सेवा सिद्ध करा. कधी मेटवरून मुकादम झालात त्याचा आदेश दाखवा. पर्यवेक्षकाची वेतनश्रेणी वेगळी, ती घेतली असेल तर वसुली निघेल. वडिलांना वाचता यायचं, पण हे भांडण त्यांना कळेचना. "मी एकच माणूस होतो ना रे?" असं ते मला विचारायचे. मी तेव्हा नुकता बीए झालेला. अर्जावर अर्ज लिहिले. शेवटी टोळीतल्या दोन जुन्या मैलकुल्यांचे जबाब झाले, की आम्ही यांना पहिल्या दिवसापासून मुकादमच म्हणत होतो. चौदा महिन्यांनी पेन्शन सुरू झालं. ज्याने पर्यवेक्षक लिहिलं त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला वाटलं असेल, मुकादम हा गावंढळ शब्द, जरा चांगला लिहू.

बायकांच्या बाबतीत दोन्ही भाषांची गंमत सारखीच निघाली. स्पॅनिशमध्ये 'अल्काल्देसा' म्हणजे पूर्वी अल्काल्देची बायको. आता स्वतः महापौर असलेली बाईही तीच. आपल्याकडे पाटलीण ही पाटलाची बायको, देशमुखीण देशमुखाची. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांना आल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पण सरपंचाला स्त्रीलिंग मिळालं नाही, सरपंचबाई किंवा सरपंचताई असंच म्हणतो. पाटलिणीला मात्र पद मिळालं तेव्हा ती पाटलीण राहिली नाही, महिला पोलीस पाटील झाली.

भाचीच्या यादीत शेवटी राहिले तलाठी आणि कोतवाल. आणि नेमके हेच दोन शब्द आमच्या डोळ्यांदेखत गेले. २०२४-२५ मध्ये शासनाने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलं, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कोतवालाला महसूल सेवक. त्या लोकांनाही नव्या नावाचा मान हवा असेल, मला त्यांच्या तोंडातला घास काढायचा नाही. पण कोतवाल हा शब्द फारसी समजून कुणी टाकत असेल तर सांगतो, कोशकार त्याचं मूळ संस्कृत कोट्टपाल असं देतात. कोटाचा राखणदार. इथून फारसीत गेला, दिल्लीच्या बादशाहीत शहराचा मोठा अंमलदार झाला आणि परत आला. १९५८ च्या कायद्याने महार वतन आणि तशी गावकामगार वतनं संपली. मग जी कामं पिढ्यान्‌पिढ्या वतनाच्या नावाखाली एका जातीकडून करवून घेतली जात, ती करायला पगारी कोतवाल आला. दवंडी देणं, नोटीस बजावणं, साहेबांबरोबर फिरणं. आमच्या तालुक्यात कोतवाल म्हटलं की दुसरं एक नाव आधी आठवतं, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीला बळी पडलेले माथेरानचे भाई कोतवाल.

२०२५ मध्ये पोशीर प्रकल्पाला शासनाची मान्यता मिळाली. आता आमच्या भागात नोटिसा येतील. भूसंपादन अधिकारी, कार्यकारी अभियंता, पुनर्वसन अधिकारी. त्या नोटिसा घरोघर पोचवायला येणाऱ्याला गाव कोतवालच म्हणेल असं मला वाटतं.

भाचीचं पान पूर्ण झालं. नानांसाठी तिने 'कापातास' लिहिलं आणि खाली तळटीप दिली, की घरात याला अल्मोकादेन म्हणत. शिक्षिकेला तळटीप फार आवडली. तलाठ्यासाठी फुन्सिओनारिओ लिहून पुढे दोन ओळींचं स्पष्टीकरण दिलं. हवालदारासाठी मीच सुचवलं 'एन्कारगादो', ज्याच्या हवाली काम केलं तो. शब्दाला शब्द जुळतो. कोतवालाची जागा तिने कोरी सोडली होती. काल विचारलं तर म्हणाली, "मामू, त्याला काय म्हणतात ते आधी तुमच्या गावात ठरू दे."